डॉक्टर चटणीचे रविवार

कॅरी, ६ ऑगस्ट २००६

प्रल्हादभावोजी,

दचकलात ना अक्षर बघून? आधी खुर्चीत बसा. अमेरिकेचा शिक्का बघून "वहिनी गेली वाटतं" असं मनात आलं असेल, तर तसं काही नाही. मी आहे. एक गुडघा सोडला तर बाकी सगळी जागेवर आहे.

तुम्हाला फोन केला होता. तुम्ही "हॅलो" म्हणालात, मी "ओळखा पाहू" म्हणाले आणि तुम्ही ठेवून दिलात. म्हणून पत्र. पत्र फाडायला दोन्ही हात लागतात, तेवढ्यात माणूस चार ओळी वाचतो.

तुमच्या दादांना जाऊन ऑक्टोबरात वर्ष होईल. तुम्ही आला नाहीत. त्यावरून मी आज भांडणार नाही, ते राखून ठेवलंय. आज काम आहे.

इथल्या मराठी मंडळाने ठरवलंय, ह्यांच्या आठवणीत एक कार्यक्रम करायचा, "डॉक्टरकाकांची दुपार". तुम्हाला कुठून माहीत असणार, पण तुमचे दादा इथे तीस वर्षं गाजत होते, आणि ते काही लोकांचे पित्ताशय काढण्याबद्दल नाही हो. दर दिवाळीला मंडळात ते "लंडन रेडिओ" करायचे. टेबलावर एक बंद पडलेला रेडिओ, त्याच्या बटणावर डावा हात, आणि सगळ्यांचे आवाज हे एकटे काढायचे. कोंबड्यांशी बोलणारी गोदाक्का, दातांची कवळी हरवणारे सरपंच, गावाची पत्रं वाचून मग वाटणारा पोस्टमास्तर, आणि माणसाला आणि म्हशीला एकच चूर्ण देणारे ते वैद्यबुवा. "आधी नाडी बघू!" म्हटलं की अख्खा हॉल आडवा व्हायचा. पोरांना मराठी येत नाही, ती पण नाडी बघत हिंडायची.

हे म्हणायचे, माझं काही नाही, प्रेस्टनला रेडिओवर ऐकलेलं आहे, मी नुसतं मराठी केलं.

आठवतात ना ते रविवार? हॉस्पिटलची ती क्वार्टर, भिंत कसली, पापड. पलीकडचे गोरे नवराबायको जेवण झालं की रेडिओ लावायचे आणि हसून हसून भिंत हलायची. मी नवी आलेली, सातवी पास, इंग्लिश म्हणजे "येस" आणि "नो", तेही उलटसुलट. मी ह्यांना म्हटलं, हे लोक कशाला हसतात? मला पण हसायचंय. तर ह्यांनी पहिल्या पगारात नाही, पण दुसऱ्या की तिसऱ्यात रेडिओ आणला. मग दर रविवारी आपण तिघं. तुम्ही बोल्टनहून कपडे धुवायला घेऊन यायचात. (मळकट कुठले.) हे बटणावर हात ठेवून बसायचे. तिकडे बोलणं चालू झालं की आवाज बारीक करायचे, मला मराठीत सांगायचे, आणि ह्यांचं वाक्य संपलं रे संपलं की बटण फिरवून आवाज मोठा. तिकडे लंडनचा हॉल हो हो करून हसायचा! मला वाटायचं, ते सगळे ह्यांनाच हसतायत. इतकं बरोबर जमायचं.

आणि मग एका रविवारी तुम्ही लाथ घालून तो रेडिओ फोडलात. का, ते तुम्ही सांगितलं नाहीत, ह्यांनी तर नाहीच. त्या संध्याकाळी तुम्ही गेलात ते गेलात. आईंच्या दिवसांनासुद्धा दोघं भाऊ गावी वेगवेगळ्या वेळी गेलात, जसं काही एका एसटीत दोघांना जागा नव्हती.

पुढे नवा रेडिओ आला, पण तो कार्यक्रम परत काही लागला नाही. हे म्हणाले, बंद झाला.

तर काम असं, की तुम्ही इंग्लंडात आहात. तिथे जुन्या रेडिओच्या टेपा मिळतात म्हणे. तो कार्यक्रम शोधून द्या. मला मंडळात आधी खरा लावायचाय आणि मग ह्यांची जुनी कॅसेट. लोकांना कळू दे, आमच्या माणसाने किती हुबेहूब केलं होतं. कार्यक्रमाचं नाव मला येत नाही, पण त्यात एक डॉक्टर होता आणि एक हॉस्पिटल होतं एवढं नक्की. ह्यांनी त्याचा वैद्यबुवा केला, मला समजावं म्हणून.

आणि तुम्हाला आठवतं का, हॉस्पिटलात ह्यांना सगळे "डॉक्टर चटणी" म्हणायचे? माझा मेथांबा हो. कैऱ्या कुठल्या मिळायला, मी त्या आंबट हिरव्या सफरचंदांचा करायचे आणि मेट्रनला बाटली भरून पाठवायचे. अख्खं हॉस्पिटल वेडं झालं होतं. नाताळच्या पार्टीत मेट्रनने स्वतः "हिअर कम्स डॉक्टर चटणी!" म्हणून टाळ्या वाजवल्या होत्या. माझ्या हाताचं एवढं नाव तर सासरी पण झालं नाही.

उत्तर द्या. नाहीतर परत फोन करीन.

तुमची वहिनी,
शैलजा

*

२७ ऑगस्ट २००६

भावोजी,

नाही ना दिलंत उत्तर? बरं. तुमच्यावाचून अडलं नाही.

आमच्या मंडळाचा सेक्रेटरी आहे यतीन, पुण्याचा, कॉम्प्युटरवाला. दिवसभर आरटीपीत, म्हणजे इथल्या कंपन्यांच्या वसाहतीत, कॉम्प्युटर, घरी आला की कॉम्प्युटर, त्याची बायको आश्लेषा म्हणते, काकू, ह्याला जेवायला पण ईमेल करावी लागते. तर ह्या यतीनला मी सगळं वर्णन सांगितलं. साल सांगितलं, रविवार सांगितला, सुरुवातीला वाजायची ती ट्यून तोंडाने म्हणून दाखवली. तो म्हणाला, "काकू, तुम्ही परत एकदा गा, मी रेकॉर्ड करतो." मी काय, लगेच गायले. त्याने ते इंटरनेटवर कुठल्या तरी ग्रुपवर टाकलं. जुन्या रेडिओची वेडी माणसं असतात म्हणे, जगभर. दोन दिवसांत उत्तर! तिकडच्या एका म्हाताऱ्या गृहस्थाने ओळखलं. तो तरुणपणी रेडिओशेजारी टेप लावून बसायचा म्हणे. त्याच्याकडे सगळे भाग आहेत. तो सीड्या करून पाठवतोय, फुकट, वर "तुमच्या मिस्टरांची चॉइस उत्तम होती" असा निरोप.

बघा! परका माणूस करतो. सख्खा दीर "हॅलो" म्हणून ठेवून देतो.

कार्यक्रम पंधरा ऑक्टोबरला ठरला. देवळाच्या हॉलमध्ये, दुपारी. फ्लायर छापून झाले, त्यावर लिहिलंय, "मूळ ब्रिटिश रेडिओ आणि डॉक्टरकाकांचं मराठी रूप". मला तर आतापासूनच गुदगुल्या होतायत. चाळीस वर्षांनी गोदाक्का इंग्लिशमध्ये कशी बोलते ते ऐकणार मी. आता मला इंग्लिश येतं हो भावोजी, बँकेत भांडण्याइतकं येतं.

शैलजावहिनी

*

१० सप्टेंबर २००६

भावोजी,

आज चेष्टा नाही.

जेवणाची भांडी तशीच ठेवून लिहायला बसलेय.

सीड्या परवा आल्या. आज रविवार म्हणून मी यतीन, आश्लेषा आणि त्यांची शिवांगी, तिघांना जेवायलाच बोलावलं. म्हटलं, तसंच करू, जेवण झालं की ऐकायचं. मी तर मेथांबा पण केला होता, त्याच हिरव्या सफरचंदांचा. वाटलं, चव तीच पाहिजे.

ट्यून वाजली. माझ्या अंगावर काटा आला, डोळ्यांत पाणी. यतीन "वॉव काकू, तुम्ही सेम गायला होतात" म्हणाला. मग बोलणं सुरू झालं.

गोदाक्का नाही.

सरपंच नाही. पोस्टमास्तर नाही. कोंबड्या नाहीत, कवळी नाही, म्हैस नाही. काही म्हणजे काही नाही त्यातलं! एक हॉस्पिटल आहे. एक गोरा मोठा डॉक्टर आहे, एक खवचट नर्स आहे. मी यतीनला म्हटलं, चुकीची सीडी आली रे. तो पण म्हणाला, असेल. तेवढ्यात एक दार वाजल्याचा आवाज आला आणि एक माणूस आत आला.

भावोजी, तो आपल्यासारखं बोलत होता. म्हणजे कोणीतरी गोरा माणूस आपल्यासारखं बोलायची नक्कल करत होता. शब्द गोल गोल, मान हलवल्यासारखे. तो इंडियातून आलेला डॉक्टर आहे. त्याला सुई टोचता येत नाही. त्याला चमच्याने जेवता येत नाही. पेशंट त्याला बघून पलंगाखाली लपतो. नर्स म्हणते, हात धुतलेस का, तर तो म्हणतो, कशाला, परवाच धुतलेत. आणि हॉल हसतो. तो नुसता तोंड उघडतो, एक शब्द बोलत नाही, तरी हॉल हसतो.

त्याला नाव नाही. सगळे त्याला हाक मारतात ती एकच.

डॉक्टर चटणी.

मला आधी कळलंच नाही. माझ्या तोंडून काय निघालं सांगू? मी म्हटलं, "अय्या, ह्यांना पण चटणी म्हणायचे!" आणि आश्लेषाने माझा हात धरला. यतीनने मान खाली घातली. शिवांगी पंधरा वर्षांची, ती एकदम उभी राहिली. "ओह माय गॉड. दॅट्स सो रेसिस्ट. टर्न इट ऑफ, बाबा!" त्या पोरीला दोन मिनिटांत कळलं.

मेथांबा समोर वाटीत होता.

भावोजी, मी दर महिन्याला बाटली पाठवायचे. झाकणाला फडकं बांधून, रिबीन लावून. ह्यांच्या हातात द्यायचे आणि सांगायचे, मेट्रनला म्हणावं, डॉक्टर चटणीच्या घरून. हे घेऊन जायचे. एकदाही "नको" म्हणाले नाहीत.

यतीनने बंद करायला हात पुढे केला, मी म्हटलं थांब. मी पूर्ण ऐकलं. आणि मग मला दुसरंच काही ऐकू यायला लागलं. प्रत्येक वेळी हॉल जिथे सगळ्यात मोठ्याने हसला ना, ती जागा माझ्या ओळखीची होती. मला पाठ आहेत त्या जागा. तिथे आमच्याकडे वैद्यबुवा म्हणायचे, "आधी नाडी बघू!" ह्यांना हसू कधी येणार ते बरोबर कळायचं, कारण हसू दर वेळी त्या डॉक्टरवरच यायचं. ते त्याच्यावर हसायच्या आत हे आपलं वाक्य संपवायचे आणि आवाज मोठा करायचे. आणि मी नऊवारीचा पदर तोंडात कोंबून हसायचे. ते हसणं ऐकून.

आणि वेष्टनावर सालं लिहिली आहेत. तुम्ही रेडिओ फोडलात त्यानंतरही कितीतरी दिवस हा कार्यक्रम चालू होता. बंद झाला म्हणाले मला. सरळ तोंडावर.

मला एकच सांगा. तुम्ही लाथ घातलीत त्या रविवारी मी टेबलापाशी काय करत होते? मला आठवतंय, पण मला तुमच्याकडून ऐकायचंय. मी बाटली भरत होते, हो ना? मेट्रनसाठी. आणि हसत होते. आणि तुम्ही उभे राहून म्हणालात, "वहिनी, हे लोक..." एवढंच. हे ओरडले, आणि तुमचा पाय रेडिओवर पडला.

मला वाटलं होतं तुम्ही प्यायलात.

यतीन म्हणतो, काकू, कॅन्सल करूया, आपण सांगू सीडी खराब निघाली. निमिषला फोन केला, तर बॉथेलहून माझे चिरंजीव म्हणतात, "आई, तेव्हा सगळेच शो तसे होते गं. लेट इट गो." त्याचं बरोबर असेल. पण जाऊ द्यायला आधी हातात तर आलं पाहिजे. माझ्या हातात ते आजच आलंय.

फोन करा. ह्या वेळी मी "ओळखा पाहू" म्हणणार नाही.

शैलजा

*

२४ सप्टेंबर २००६

भावोजी,

तुमचा फोन ठेवला आणि मी तशीच अंगणात जाऊन उभी राहिले. शेजारीण विचारायला लागली, आर यू ओके? मी म्हटलं, माझ्या दिराचा फोन आला होता. ती म्हणाली, समवन डाइड? मी म्हटलं, नाही बाई, उलटंच.

आता तुम्ही बोललात ते सगळं मी इथे परत लिहिते. चूक असेल तर सांगा, कारण मला अजून खरं वाटत नाही.

तुम्ही म्हणालात, दादाला विचारलं होतं, हे घाण कशाला ऐकतोस. तर दादा म्हणाले, सोमवारी वॉर्डात हीच वाक्यं मला ऐकायची आहेत, रविवारी ऐकून ठेवली की सोमवारी तोंड तयार असतं. बरोबर?

तुम्ही म्हणालात, निदान वहिनीला तरी खरं सांग, ती त्या बाटल्या भरतेय. तर ते म्हणाले, ह्या देशात तिला हसायला एवढी एकच जागा आहे, तिला हसू दे. तुम्ही ऐकलं नाहीत, मला सांगायला उठलात. आणि नंतर बाहेर जिन्यात ते तुम्हाला म्हणाले, तिला कळता कामा नये. सांगणार असशील तर माझ्या घरात पाऊल ठेवू नकोस.

आणि तुम्ही, शहाणे, म्हणालात, मग नाही ठेवत. कारण घरात आलात तर तुमच्याच्याने गप्प बसवणार नव्हतं.

एवढंच? एवढ्यासाठी दोन सख्खे भाऊ मेल्यागत जगले? मी चाळीस वर्षं सगळ्यांना सांगत आले की माझा धाकटा दीर तापट आहे आणि पितो! तुमच्या लेस्टरहून कोणी आलं की मुद्दाम विचारायचे, अजून पितात का हो? आणि तुम्ही तिकडे चहासुद्धा बिनसाखरेचा पिताय.

मला तुमचा राग आलाय. ह्यांचा तुमच्याहून जास्त आलाय, पण ह्यांचा फोटो भिंतीवर आहे, त्याच्याशी भांडून मजा येत नाही. काल मी फोटोला हार घालायला गेले आणि तसाच हार परत टोपलीत टाकला. म्हटलं, बसा आज बिनहाराचे. मी सातवी शिकले होते, दूधखुळी नव्हते. माझ्या बापाने मला सांगून परदेशी दिलं होतं, की बाई, तिथे लोक नावं ठेवतील. ठेवली असती तर मी ऐकली असती. मेट्रनच्या बाटलीत मिरच्या घातल्या असत्या, पण ऐकली असती. तुम्ही दोघांनी जिन्यात उभं राहून ठरवलंत, वहिनीला हे झेपणार नाही. मी आत होते, दहा पावलांवर. मला कोणी विचारलं?

आणि ह्यातलं सगळ्यात विचित्र सांगू? राग येतो, आणि मधेच हसू येतं. म्हणजे गोदाक्का कोणी इंग्लिश बाई नव्हतीच की! ती आमच्या गावची, आमच्या शाळेमागे राहायची, कोंबड्यांना नावाने हाका मारायची. मीच ह्यांना लग्नानंतर सांगितलं होतं तिच्याबद्दल. कवळी हरवणारे सरपंच माझे मामा. ह्यांनी माझाच गाव मला दर रविवारी परत दिला, आणि मी लंडनच्या लोकांची तारीफ करत बसले. काय म्हणावं ह्या माणसाला! एवढं सुचत होतं तर स्वतःचं म्हणून सांगायचं.

मी यतीनला कळवलंय, कार्यक्रम कॅन्सल नाही. तो म्हणाला, काकू, लोक अपसेट होतील. मी म्हटलं, मी झाले ना, मेले का?

पंधराला या. तुम्ही फोनवर म्हणालात, "दादाने पाऊल ठेवू नको म्हटलंय, आता तो नाही, तर ते मोडू कसं?" भावोजी, ती अट मला कळू नये म्हणून होती. मला कळलं. अट संपली. आता घर माझ्या नावावर आहे, पाऊल कोणी ठेवायचं ते मी बघते.

शैलजा

*

१६ ऑक्टोबर २००६

प्रल्हादभावोजी,

तुम्ही आला नाहीत. पहिल्या रांगेत तुमच्यासाठी खुर्ची ठेवली होती, तिच्यावर कोणाची तरी पर्स बसली.

काल काय झालं ते ऐका.

हॉल भरलेला. पुढे सगळी जुनी मंडळी, आमच्या वयाची, म्हणजे इंग्लंडमार्गे आलेले डॉक्टर लोक आणि त्यांच्या बायका. मागे ही नवी कॉम्प्युटरची पोरं. यतीनने माइक दिला आणि कानात म्हणाला, "काकू, अजून वेळ आहे, डायरेक्ट कॅसेट लावू." मी म्हटलं, जा, बस.

मी म्हटलं, मंडळी, फ्लायरवर लिहिलंय की डॉक्टरांनी ब्रिटिश रेडिओचं मराठी केलं. ते खोटं आहे. मला पण महिन्यापूर्वीच कळलं. आता खरं ऐका. आणि लावली सीडी. थोडीशीच. तो दार वाजवून आत येतो ना, तिथपासून हात धुण्यापर्यंत.

मागे एक बाळ रडत होतं, तेवढाच आवाज.

मग मी म्हटलं, आता हेच आमच्या घरी कसं ऐकू यायचं ते ऐका. टेबलावर ह्यांचा रेडिओ नव्हता, यतीनचा सीडी प्लेअर होता. त्याच्या बटणावर डावा हात ठेवला, आवाज बारीक केला आणि ह्यांचं सगळं मी बोलले. गोदाक्का, मामा, पोस्टमास्तर. जागा तर मला पाठ. "आधी नाडी बघू!" म्हटलं आणि बटण फिरवलं. हसला बघा लंडनचा हॉल! आणि आमचाही हसला. दोन्ही हॉल एकदम. पण भावोजी, आमच्या हॉलमध्ये काही जण हसता हसता डोळे पुसत होते, आणि ते सगळे पुढच्या रांगेतले होते.

मला वाटलं, ह्यांची आठवण आली असेल.

तर डॉक्टर विष्णू अंबर्डेकर उठले. अंबर्डेकर म्हणजे हार्टवाले, कधी जोरात बोलत नाहीत. ते म्हणाले, "वहिनी, आम्हाला माहीत होतं."

मी म्हटलं, काय माहीत होतं?

"तो कार्यक्रम. आम्ही सगळ्यांनी ऐकलाय. गुरुनाथ पहिल्यांदा इथे मराठीतून करायला लागला तेव्हा पाच मिनिटांत ओळखलं. कोणी बोललो नाही." मग चष्मा काढून म्हणाले, "बर्मिंगहॅमला मला पण डॉक्टर चटणीच म्हणायचे."

त्यांच्या मागून कोणीतरी म्हणालं, "मला डर्बीला." आणखी एक हात वर झाला.

इतकी वर्षं मला वाटत होतं की ते नाव माझ्या बाटलीमुळे पडलं. मग वाटलं, ह्यांच्यावरच फक्त ही वेळ आली. आणि इथे अर्धी रांग त्याच नावाची बसलेली, दर दिवाळीला माझ्या हातचे चिरोटे खात!

आणि बायका! भावोजी, त्या बायकांची तोंडं तुम्ही बघायला हवी होती. मंजुषा अंबर्डेकर नवऱ्याकडे वळली. "अहो? मला म्हणाला होतात तिथे सगळे तुम्हाला सर म्हणायचे."

"म्हणायचे की. अधूनमधून."

"अधूनमधून? आणि ती केकवर नाव लिहिलेली पार्टी? प्रमोशनची म्हणाला होतात ना?"

"मंजू, घरी बोलू."

"घरी कशाला, मी इथेच बोलणार!"

मग जे सुरू झालं ते काही विचारू नका. त्या रांगेत एकेक बाई एकेका नवऱ्याला पकडून बसली. कोणी रागावलं, कोणी रडलं, एकीने तर नवऱ्याच्या पाठीवर पर्स मारली आणि मग तीच पाठ चोळत बसली. यतीन धावत आला, "काकू, चहा अनाउन्स करू का?" मी म्हटलं, अजिबात नाही. ह्यांना चाळीस वर्षं चहाच मिळतोय.

घरी आल्यावर मी ह्यांच्या फोटोसमोर बसले. धक्का उतरला म्हणते, पण तसा उतरला नाही. त्या सगळ्यांना माहीत होतं. एवढ्या हुशार, शिकलेल्या माणसांना. सगळ्यांनी आपापल्या बायकांना हसू दिलं आणि स्वतः गिळलं. सगळ्यांत मिळून एकच माणूस सांगायला उठला होता, आणि त्याला मी दारुड्या ठरवला.

आज सकाळी मी देवळात गेले होते, हॉलची झाडलोट बघायला. परत आले तर फोनच्या मशीनवर लाल दिवा लुकलुकत होता. बटण दाबलं. तुम्ही.

"वहिनी, प्रल्हाद बोलतोय. तिकीट बघितलंय, नोव्हेंबरचं." मग बराच वेळ काही नाही, नुसता श्वास. मला वाटलं, ठेवला. आणि मग, "येऊ का?"

मी ते पुन्हा लावलं. मग आश्लेषाला बोलावून तिला ऐकवलं. ती म्हणाली, काकू, अहो, फोन करा ना त्यांना परत! मी म्हटलं, नाही. मी पत्र लिहिणार. आठवडा लागेल, तोपर्यंत बसू देत लेस्टरला वाट बघत. एवढी तरी शिक्षा हवी.

पण खरं कारण ते नाही. मला ते ऐकत बसायचं होतं. बापाने लग्न ठरवलं, ह्यांनी देश ठरवला, कोणत्या गोष्टीवर मी हसायचं ते पण ह्यांनीच ठरवलं, प्रेमाने ठरवलं, पण ठरवलं. तुम्ही दोघांनी जिन्यात माझं ठरवलंत. आणि आता इतक्या वर्षांनी, थकलेल्या आवाजात, कोणीतरी मला विचारतंय.

विचारलंत ना? मग माझं उत्तर ऐका.

या.

शैलजा